हिलाल मिस्त्रीचा जाड प्रायमर

धुळ्यात पारोळा रोडला हिलाल मिस्त्रीचं गॅरेज कुठे, असं कोणाला विचारावं लागत नसे. पुढे कडुनिंब, मागे पत्र्याची शेड, आणि दाराशी एक बाक. त्या बाकावर इतक्या गाड्यांचे रंग सांडले होते, की मूळ लाकूड कोणतं हे खुद्द हिलाललाही सांगता आलं नसतं. हिलाल मूळचा अमळनेरकडचा. सोळाव्या वर्षी घरी भांडून निघाला, जळगावात एका उस्तादाकडे गाड्या रंगवायला शिकला आणि पुढे धुळ्यात येऊन त्याने अभिमन डेंटरशी जोडी जमवली. ठोकणं अभिमनचं, रंगवणं हिलालचं. चौऱ्याण्णव साली या जोडीला बावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात दोघांचं काही वाजलं असेल तर ते चहात साखर किती घालावी यावरूनच.

दोघांच्या कामाची एक रीत होती. अभिमनने पत्रा ठोकून सरळ केला, की हिलाल जुन्या धोतराचा तुकडा त्यावर पसरायचा, डोळे मिटायचा आणि कापडावरून तळहात फिरवायचा. उघड्या हाताला जो खड्डा कळत नाही तो कापडावरून कळतो, ही उस्तादाची शिकवण. हात जिथे अडेल तिथे खडूने गोल काढायचा. तेवढ्या जागी अभिमन पुन्हा ठोकायचा. मग हिलाल म्हणायचा, पास. त्याने पास म्हटल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडायचा नाही. साक्रीपासून एरंडोलपर्यंतचे गाडीवाले हा प्रकार बघायला मुद्दाम थांबायचे. हिलाललाही ते आवडायचं. कोणी बघत असलं, की हा गडी डोळे जरा जास्तच घट्ट मिटायचा. पत्रा पाण्याने ओला करून त्यात उजेड बघणाऱ्यांना तो नवशिके म्हणायचा, आणि लांबी, म्हणजे पुट्टी, थापून खड्डे बुजवणाऱ्यांबद्दल जे म्हणायचा ते इथे न लिहिलेलं बरं.

तर अशा या हिलालचा हात गेला होता. म्हणजे हात जागेवर होता, पण बोटांतली जाण गेली होती. तीस वर्षं थिनरमध्ये बुडालेली आणि ओल्या पाणीपेपरबरोबर, म्हणजे काचकागदाबरोबर, घासली गेलेली बोटं ती. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. चहा गरम आहे हे पेला ओठाला लागल्यावर समजायचं. हे त्याने बायकोला, ताईबाईला, सांगितलं नव्हतं. डॉक्टरला सांगितलं नव्हतं. अभिमनला सांगणं तर दूरच राहिलं. कापड पसरायचं, डोळे मिटायचे, अंदाजाने तीन-चार गोल काढायचे, बाकावर जाऊन बसायचं, ठोकाठोक थांबली की येऊन पास म्हणायचं. मग गाडी गेली, की आठ-आठ दिवस जेवणात लक्ष नाही. कुठली गाडी शेडसमोर हळू झाली तरी तो उठून मागे जायचा. मालक उतरेल, चारचौघांत पत्र्यावर बोट ठेवेल आणि म्हणेल, हा बघा तुमचा पास. दोन वर्षं झाली, कोणी आलं नव्हतं, आणि न येण्यानेही त्याची भीती कमी होत नव्हती. दुसरं कोणतंही काम त्याला येत नव्हतं. लोक त्याला ओळखत होते ते या हातामुळे, आणि हात वजा केला तर आपलं काय उरतं, हे त्याला कळत नव्हतं.

चैत्र सरत आला तेव्हा रावेरकडच्या निंबा चौधरींची अॅम्बॅसडर आली. केळीचे मोठे बागायतदार, बोलायला मऊ, पण एकदा बोलले की शब्द फिरवायचा नाही असा माणूस. पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने गाडीची डावी बाजू मडगार्डापासून मागच्या दारापर्यंत चेपवली होती. या निंबाआबांच्या मुलीचं लग्न मागच्या हंगामात झालेलं. यंदाची तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेक माहेरी यायची ती घरच्या गाडीतून, सगळ्या गल्लीने बघितलं पाहिजे, असं आबांच्या मनात होतं. त्यांनी हिलालचं काम ऐकलं होतं. हात बघूनच आलो मिस्त्री, असं ते हसून म्हणाले आणि बसने परत गेले.

त्यात गाडी काळी. पांढऱ्या रंगात पुष्कळ काही खपून जातं. काळ्यात बारीकशी लाट राहिली, तरी उन्हात गाडी उभी केली की ती दिसतेच. अभिमनने पाच दिवस ठोकलं. हिलालने कापड पसरलं, हात फिरवला. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. खड्डा नाही म्हणून लागत नाही की बोटं मेली म्हणून, हे कोण सांगणार? त्याने सहा गोल काढले. बाकावर जाऊन बसला, ठोकाठोक झाली. हिलालने पास म्हटलं आणि गाडीभोवती फेऱ्या मारायला लागला. एकदा वाटलं, बादलीभर पाणी मारून बघावं. पण अभिमन समोर बसलेला. हिलाल मिस्त्री पाणी मारतोय म्हटल्यावर हात गेल्याचं त्याला वेगळं सांगायचं काय उरलं असतं? बादलीपर्यंत जाऊन हिलाल तोंड धुऊन परत आला. तासाभरात त्याने तीन वेळा तोंड धुतलं.

तेव्हा त्याला त्या जाड प्रायमरची आठवण झाली. रंगाच्या दुकानात नवा माल आलाय, एका हातात, म्हणजे एका थरात, चार हातांची जाडी बसते, हातोडीच्या खुणा, बारीक खळगे सगळं पोटात घेतो, असं कोणीतरी बोललं होतं. तो तसाच उठला आणि जळगावची एसटी पकडली. साऱ्या वाटेत तो खिडकीच्या गजावर बोटं आपटत बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने शेवटी जागा बदलली.

नवी पेठेत झुलालशेठचं रंगाचं दुकान. हिलाल उस्तादाकडे होता तेव्हापासूनची ओळख. शेठने तीन डबे काउंटरवर मांडले. पहिला नेहमीचा, पातळ; चार-पाच हात द्यावे लागतात, मध्ये घासावं लागतं, आणि पत्रा असेल तसा दाखवतो. दुसरा मधला. तिसरा जाड, सोबत हार्डनरची लहान बाटली. हा माप घालूनच मिसळायचा, दोनच हात मारायचे, दोन हातांमध्ये अर्धा तास थांबायचं आणि नंतर अख्खा दिवस सावलीत ठेवायचा, असं शेठ सांगत होते. सांगता सांगता त्यांनी चष्मा वर केला.

"हिलाल, तुझ्या हाताखालून गेलेल्या पत्र्याला हा कशाला लागतो?"

सरळ मनाने विचारलं होतं त्यांनी. पण हिलालचे कान गरम झाले. गिऱ्हाइकाला घाई आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. शेठ पुढेही बराच वेळ बोलत होते, सावलीचं तर त्यांनी दोनदा सांगितलं. हिलालच्या डोक्यात फक्त तो प्रश्न फिरत होता. मधल्या डब्याकडे त्याने बघितलंही नाही. जाड प्रायमर आणि बाटली पिशवीत घालून तो उरलेले पैसे न घेताच निघाला, तेव्हा शेठच्या नोकराने मागे धावत जाऊन दिले.

दुसऱ्या दिवशी त्याने फवाऱ्याची गन भरली. दोन हात सांगितले होते, त्याने चार मारले. जितकं जाड तितकं झाकेल, हा त्याचा हिशोब. अर्धा तास थांबायला धीर कुणाला होता? एक हात मारायचा, शेडभर येरझाऱ्या घालायच्या, लगेच दुसरा. अभिमनने दारातून बघून, इतका जाड कशाला, असं विचारलं. तू तुझं ठोकायचं बघ, असं हिलाल त्याच्यावर खेकसला. बावीस वर्षांत तो असं बोलला नव्हता.

मग हिलालने, खानदेशातला कोणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. गाडी ढकलत उन्हात नेली. वैशाखाच्या तोंडचं आमचं ऊन. कुरडया त्यात वाळतात, पापड वाळतात, मिरच्या वाळतात, आणि हिलालचा प्रायमर तीस वर्षं त्यातच वाळत आला होता. उन्हाने काही बिघडेल हे इथल्या माणसाच्या डोक्यातच शिरत नाही. दुपारी त्याने मडगार्डावर नख वाजवलं. टणक आवाज आला. सगळी बाजू राखाडी, सपाट, एकसारखी. त्या दिवशी हिलाल पोटभर जेवला आणि ताईबाईला म्हणाला, वांगी छान झाली आहेत. भाजी गवारीची होती.

सकाळी लवकर येऊन तो पाणीपेपर घेऊन बसला. दोनदा घासलं न घासलं तोच कागद चिकटला. कागद बदलला, तोही चिकटला. दारावर जागोजागी मोहरीएवढे फोड दिसायला लागले. तो जोर लावून घासत राहिला. अभिमन आला, शेजारी बसला आणि त्याने मडगार्डावर नुसता अंगठा टेकवला.

"भाऊ, हाई खालतून ओलं शे," तो म्हणाला.

अंगठ्याचा ठसा तिथे स्पष्ट उमटला होता. उन्हाने वरची साय तेवढी कडक केली होती आणि आतला सगळा ओलावा आतच कोंडला होता. हिलालने स्वतःची बोटं बघितली. दहाही बोटांच्या खुणा दारावर होत्या. अर्धा तास तो त्या मऊ प्रायमरवर हात दाबून बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. अभिमनला दिसलं असणार, याबद्दल शंकाच नको. लाजेने हिलालची मान वर होईना.

आखाजी चार दिवसांवर आली होती. दोघांनी काम सुरू केलं. थिनरचे बोळे, पातं, पुन्हा थिनर. दुपार कलेपर्यंत सगळी बाजू खरवडून उघडा पत्रा वर आला. कचरा जावा म्हणून अभिमनने त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

ओल्या पत्र्यात रस्त्याकडेच्या विजेच्या तारा दिसत होत्या. मडगार्डापासून मागच्या दारापर्यंत, तिन्ही तारा, सरळ. हिलाल खाली वाकला. जिथे त्याने सहा गोल काढले होते त्या जागा त्याला पाठ होत्या. तिथेही तार सरळ. जिथे खड्डाच नाही अशा चांगल्या जागी हातोडी पडली असती, तर उलट खड्डा झाला असता. मग त्याने न वळता विचारलं, मी खूण केली तिथे तू ठोकत होतास ना?

अभिमनने बोळा पिळला.

"तू खूण करस, बाकवर जाईसन बठस. मी बाजूना भंगार मडगार्डवर हातोडी मारस. दोन साल व्हयनात, भाऊ."

हिलालला आधी राग आला. दोन वर्षं हा माणूस आपल्याला खेळवत होता, भंगारावर ठोकून आपल्याला पास म्हणायला लावत होता, असा राग. मग सांगितलं का नाही, म्हणून तो ओरडलाच. अभिमन खाली बघत म्हणाला, "काय सांगू? तुना हात गया, हाई सांगू?"

रस्त्यावरून एक एसटी गेली. हिलाल बाकावर बसला. दोन वर्षांत एकही गाडीवाला परत का आला नाही, हे त्याला आत्ता कळलं. तो घाबरून दिवस काढत होता, आणि इकडे त्याच्या खडूच्या आधीच अभिमन एकट्याने पत्रा पास करून ठेवत होता, दुप्पट वेळ घालून, एका शब्दाने न बोलता. आणि अशा पत्र्यावर आपण चार हात जाड प्रायमर थापला. हिलालला रडू आलं. थिनर डोळ्यांत गेलं म्हणावं, तर अभिमन समोरच होता, आणि आता त्याच्याशी खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"मना हातले काहीच लागत नई," तो म्हणाला. हे वाक्य त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं.

अभिमनने मान हलवली. मग तो उठून जाड प्रायमरचा डबा घेऊन आला. अर्धा शिल्लक होता. आज दोनच हात मारू, सावलीत ठेवू, होईल वेळेवर, असं त्याचं म्हणणं पडलं.

हिलालने तो डबा त्याच्या हातातून घेऊन बाकाखाली सरकवला. फळीवरून नेहमीचा पातळ प्रायमर काढला, झाकण उचकटलं आणि काडीने ढवळायला लागला.

"पत्रा तुना शे," तो म्हणाला. "लोकेस्ले दिखू दे."