साडेपाच हजारांना दिलेला शब्द

माझ्या सुनेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. गजर तिने कधी लावला नाही. बाल्कनीला काचा बसवून केलेली तिची खोली माझ्या पलंगाच्या भिंतीपलीकडे होती. खुर्ची करकरली की समजायचं, बाई कामाला बसल्या. मी एकेचाळीस वर्षं लेथवर काढली, पहिल्या पाळीला सहाच्या ठोक्याला हजर राहिलो. पण तिच्याइतक्या लवकर मीही कधी मशीन चालू केलं नाही.

लवकर उठायला कारण होतं. काम कानाचं. सहाला इमारतीचा पंप सुरू होतो, मग लिफ्ट, मग खाली शाळेच्या गाड्या. त्या गोंगाटात तिला घुमाऱ्याचं शेपूट ऐकू येत नसे. शेपूट हा तिचाच शब्द. आवाज विरत विरत जातो, त्याचा अगदी शेवटचा भाग. तो खरखरला तर काम कच्चं.

ती नेमकं काय बनवते हे कळायला मला वर्ष लागलं. गाणी रेकॉर्ड करणारे लोक आता सगळं कंप्युटरवर करतात. त्यांच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला छोटी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांना प्लगइन म्हणतात. लेथला जसं काम तसं टूल लावतो, तसंच. सुनेचं प्लगइन घुमारा देतं. कपाटाएवढ्या खोलीत गायलेला आवाज त्यातून गेला की मोठ्या रिकाम्या जागेत गायल्यासारखा होतो. त्यासाठी तिने खऱ्या जागा मोजल्या. दहा मजली जिना, रिकामं गोदाम, पाण्याची कोरडी टाकी. एका टोकाला माइक ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाला फुगा फोडायचा, ही मोजायची रीत. फुगे मी फोडले. एकशे चाळीस. सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, आजोबा, या वयात? मी म्हणालो, सुनेने कामाला लावलंय. त्या म्हणाल्या, मग फोडा.

त्याआधी ती एका जाहिरात कंपनीच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नोकरीला होती. ती खोली बंद झाली. हातात आलेल्या पैशांवर तिने दोन वर्षं घरी बसून हे प्लगइन केलं. माझा मुलगा औषधांचा टेम्पो चालवतो. त्याच्या कमाईत भाडं आणि किराणा बसतो, तिसरं काही बसत नाही. आमच्या हिने शेजारणीला सांगितलं, सून आवाज विकते. कसला, म्हणून तिने विचारलं. रिकाम्या गोदामाचा, ही म्हणाली. शेजारीण पुढे महिनाभर सुनेशी जरा जपूनच बोलत होती.

बाजारात तेव्हा अशी वीसेक प्लगइन होती, शंभर डॉलरपासून पुढे. सुनेने साठ ठेवले. विक्रीच्या पानावर तिने एक ओळ टाकली: एकदा घ्या, पुढचे सगळे बदल कायम मोफत. त्या धंद्यात नवे येणारे सगळेच तसं लिहीत. मी विचारलं, कायम म्हणजे किती?

"कायम म्हणजे कायम, बाबा," ती हसून म्हणाली.

मी फिरवून दिलेला शाफ्ट दरवर्षी परत येऊन मला पुन्हा फिरव म्हणत नाही. तिचा माल तसा परत येणार आहे, हे तेव्हा ना तिला सुचलं, ना मला.

पहिली तीन वर्षं बरी गेली. पाचव्या वर्षापर्यंत चार हजार एकशे तेरा लोकांनी साठ साठ डॉलर देऊन माल घेतला. विक्रीच्या दुकानाचा वाटा आणि कर वजा जाता उरलेल्यातून घर चाललं, जुनी कर्जं आणि मुलाच्या टेम्पोचे हप्ते फिटले. मी मनात म्हणायचो, पोरीने भिंतीतून पाणी काढलं.

मग बाजार भरला. कसा भरला ते तिने मला एकदा दाखवलं. प्लगइन विकणाऱ्या दुकानाच्या पानावर घुमारा हा शब्द टाकला. बाराशे निघाली. विसाची बाराशे. ज्याला चार ओळी लिहिता येतात तो घुमारा बनवत होता. भावाचंही तसंच. आधी नोव्हेंबरात एकदा सूट असायची. मग उन्हाळ्यातही. मग महिन्याला. मग पानावर एक घड्याळ उलटं पळायचं, उरले चार तास. चार तास संपले की पुन्हा नव्याने चार. दोनशेचा माल एकोणीसला, एकोणीसचा नऊला, आणि नऊचा कुठल्याशा माइकच्या खोक्यासोबत फुकट. गिऱ्हाइकाला काय, थांबायचं कळलं. आज साठ का द्यायचे, महिन्याने नऊला पडेल.

तिच्या ऑर्डरी रोजच्या चारवरून दोनवर आल्या. मग एक. मग काही दिवस एकही नाही.

आणि सप्टेंबर चुकत नव्हता. दर सप्टेंबरला कंप्युटरवाले आपली मूळ यंत्रणा बदलतात. बदलली की जुनं प्लगइन अडतं. मग सगळी दुरुस्ती पुन्हा, एकेक जागेचं शेपूट पुन्हा ऐकायचं. अकरा आठवड्यांचं काम. ते चार हजार एकशे तेरा जणांसाठी, ज्यांनी कधीकाळी एकदाच पैसे दिलेले. या अकरा आठवड्यांचा एकही डॉलर येत नसे. पत्रं मात्र येत. बंद पडलंय. कधी होणार? तुम्ही कायम म्हणाला होतात.

भीती मला आधी खुर्चीतून ऐकू आली. ती साडेचारऐवजी पावणेचारला करकरायला लागली. बसायची आणि काहीच करायची नाही. कीबोर्डचा आवाज नाही, काही नाही. एकदा मी पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावलो. ती फोन उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होती. फोन वाजला की दचकायची, आणि नाही वाजला तर त्याहून. जेवताना घास हातात राहायचा. मुलाला ती सगळं ठीक आहे सांगे. तो विश्वास ठेवे, कारण ठेवला नाही तर पुढे काय विचारायचं हे त्याला माहीत नव्हतं. कारखाना बंद पडण्याआधीचे सहा महिने मी पाहिलेत. तेव्हाही माणसं मशीनसमोर उभी असत आणि मशीन बंद असे.

त्या दुकानाचा माणूस फोन करायचा. नऊला लावा, हजारांनी जाईल. सहाव्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिने लावलं. आठवड्यात तेराशे नव्याण्णव गेले. आमची ही पेढ्यांचं बोलायला लागली. सून म्हणाली, थांबा आई. अर्धा वाटा दुकानाचा. सहज माल घेणाऱ्याला प्रश्नही सहज पडतात. तीनशेवर पत्रं आली. एकाला उत्तर द्यायला वीस मिनिटं. हिशोब करा, ते पैसे पुढच्या कायमच्या दुरुस्तीवर वाटले तर मजुरी झाडूवाल्याच्या खाली पडली. आदल्याच आठवड्यात साठ दिलेल्यांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. किंमत पुन्हा साठ केली, तर दहा महिन्यांत सत्तावीस गेले. आणि कायमचं ओझं आता साडेपाच हजारांचं झालं. आगीतून फुफाट्यात.

तेव्हाच मोठ्या कंपनीचं पत्र आलं. त्यांना तिचं प्लगइन विकत हवं होतं. रक्कम अशी की आमचं घर तीन वर्षं चाललं असतं.

त्यांचा माणूस जेवणाच्या टेबलावर, कंप्युटरच्या पडद्यावर बोलला. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. मी कोपऱ्यात मटार सोलत होतो. त्यांची पद्धत भाड्याची. महिन्याला वीस डॉलर भरा, आमची पाचशे प्लगइन वापरा. सुनेचं पाचशे एकावं. तिने एवढंच विचारलं, जुन्या लोकांचं काय.

"त्यांना तीन महिने मोफत देऊ, मॅडम."

"आणि नंतर नाही भरले तर?"

"तर पुढच्या बदलाला बंद पडेल. तसं सगळेच करतात."

तिने सोमवारपर्यंत वेळ मागितला.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. मुलगा एरवी चार शब्द बोलत नाही. त्या दिवशी बोलला. टेम्पोचा क्लच जायला आलाय, घरमालक भाडं वाढवतोय, आणि तू कोण कुठल्या लोकांसाठी जीव टांगणीला लावून बसली आहेस. तोंडही पाहिलं नाहीस त्यांचं. शब्दाने चूल पेटत नाही. आमच्या हिने सुनेची बाजू घ्यायची म्हणून घेतली, पण तीही अर्ध्यात थांबली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, वीक.

हे लिहायला मला आनंद नाही, पण म्हणालो. मला भीती वाटत होती. मला तिची बंद खुर्ची ऐकवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला खोलीत बोलावलं. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, एक दिवा. तिने कानावर लावायची हेडफोनं माझ्या डोक्यावर चढवली आणि नोकरीच्या काळातलं एक जुनं काम उघडलं. नऊ वर्षांपूर्वीचं. कोणीतरी बाई गात होती. चांगलं गात होती, पण आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्यासारखा, कोरडा. पडद्यावर एका ठिकाणी लाल चौकट होती. त्यात लिहिलेलं, सापडत नाही.

"इथे दुसऱ्या एकाचा घुमारा होता," ती म्हणाली. "त्याने कंपनी विकली. घेणाऱ्याने बंद केला. हे काम आता असंच उघडतं, बाबा. मी आठ दिवस बसून केलेलं. असं साडेपाच हजार घरांत होईल. माझ्या सहीने."

मी हेडफोनं काढली. मला आमच्या कारखान्यातलं ग्राइंडिंग मशीन आठवलं. बनवणाऱ्याने धंदा गुंडाळला आणि एका बेअरिंगपायी अख्खं मशीन भंगारात गेलं. ते चालवणारा माझा मित्र पुढे गेटवर बसला. वीस वर्षांचा हात, आणि गेटवर.

मी तिला विकू नको म्हणालो नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. एवढंच विचारलं, मग खाणार काय.

"नोकरी बघते," ती म्हणाली. "ओठ सुकलेत माझे, बघा ना. मला भीती वाटत नाही असं नाही."

सोमवारी तिने त्या इस्त्रीच्या शर्टाला नाही कळवलं. तो म्हणाला, मॅडम, वर्षभरात आम्ही असंच एक स्वतः बनवून फुकट वाटू. हे सांगताना तो हसला नाही, म्हणून ती धमकी जास्त खरी वाटली. मुलगा दोन दिवस बाहेरूनच जेवून आला. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या खोलीच्या काचेची फट रबर लावून बुजवली, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून.

तिने किंमत तीस केली. बाराही महिने तीस. सूट नाही, उलटं घड्याळ नाही. नव्या लोकांसाठी कायम हा शब्द काढून तीन वर्षं लिहिलं. जुन्यांना कळवलं, तुमचं कायम तसंच आहे. मालाला भाव नाही अशा बाजारात ती ठाम भाव लावून बसली होती. मी तिला शहाणी म्हणत नाही. आठवड्याला दोन जात, कधी तीन. कधी आठवडा कोरडा.

नोकरी मिळाली ती श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. बिघडून परत आलेली यंत्रं कानाला लावून तपासायची. दुपारी दोन ते रात्री दहा, उभ्याने. पगार पूर्वीच्या नोकरीच्या निम्मा. कान तिथे झिजतील ही नवी भीती घरात आली. ती सुटीच्या दिवशी कानांत कापूस घालून भाजी चिरायची. पहाटेची साडेचारची वेळ सुटली नाही. मी हिशोब मांडून पाहिला. झोप पाच तास. माझ्या सबंध नोकरीत ओव्हरटाइमच्या हंगामातसुद्धा मी सहाच्या खाली गेलो नव्हतो. तिला म्हणालो, अगं, मशीनलाही तेल लागतं. ती म्हणाली, तेल तुम्ही द्या. मग पहाटेचा चहा मी करायला लागलो.

मोठ्या कंपनीने म्हटल्याप्रमाणे केलं. अकराव्या महिन्यात त्यांचा घुमारा आला, फुकट. त्या दिवशी ती कामावर जाताना जिन्यात थांबली, कठडा धरून. मी वरून बघत होतो. मोजून दोन मिनिटं. मग उतरली. त्या आठवड्यात दोन गेले. पुढच्या आठवड्यात एक. आम्ही रोज शून्याची वाट बघत होतो. आजही बघतो.

त्या सप्टेंबरला यंत्रणा अशी बदलली की सुनेच्या जुन्या कंप्युटरवर ती चालेचना. नव्याशिवाय दुरुस्ती तपासता येत नव्हती. मुलाने क्लचचं काम पुढे ढकलतो म्हटलं. तिने नको म्हटलं आणि आपलं पासबुक काढलं. श्रवणयंत्रांच्या कारखान्यात उभं राहून जमवलेला दहा महिन्यांचा पगार, घरखर्च वजा जाता उरलेला, सगळा त्या नव्या कंप्युटरला गेला. त्यावर तिने अकरा आठवड्यांचं काम नऊ आठवड्यांत केलं आणि पहिल्या साडेपाच हजार जणांना एका शनिवारी पहाटे पाठवून दिलं, फुकट.