ऑफिसातला दुसरा आमदार

"हां ताई, बोला. तब्येत बरी? सांगतो मी डेपोले."

आवाज आमदारसाहेबांचा. तोंड माझं.

साहेब अधिवेशनाला मुंबईत. त्यांचा लोकांसाठीचा फोन वाशीमच्या ऑफिसात, माझ्याकडे. मी त्यांचा पीए. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून मार खाल्ला, इथं त्याच गुणावर नोकरी लागली. साहेबच म्हणाले होते, "लोकायले माहा आवाज आयकू आला की समाधान होते. काढत जाय. पन पक्कं काही बोलू नको."

फोनवर होत्या शेवंताबाई, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या. तांड्यावर येणारी सकाळ-संध्याकाळची एसटी बंद झालेली. पोरगी मानोऱ्यात अकरावीला. नवरा-बायको ऊसतोडीला जाणार, पोरगी आजीजवळ राहणार, असं ठरलेलं.

"बस नसन तं एकट्या पोरीले फाट्यापावतर पायी कशी धाडू, साहेब? मंग नेतो तिले संग उसाले."

म्हणजे बसच्या आधी ऊसतोडीचा ट्रक आला, तर शिक्षण संपलं.

मी डेपोला सांगितलं होतं, माझ्या आवाजात. तिथले म्हणाले, साहेब स्वतः बोलले तर बघू. तिथं मात्र साहेबांचा आवाज काढायची माझी हिंमत नव्हती. सरकारी माणसाला फसवलं तर नोकरी जाते. शेवंताबाईला फसवलं तर काहीच जात नाही.

एका दुपारी कार्यकर्ते गजूभाऊ पंख्याखाली बसून मला समजावत होते. विधानसभेच्या जागा वाढवायची चर्चा आहे. लोकसंख्या वाढली, आमदार तेवढेच राहिले.

"मतदारसंघ लहान झाला तं आमदार गावोगाव पोचन. आता एकटा मानूस कुठं कुठं पुरन?"

"आपल्या इथं तं आधीच दोन हायेत," मी म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. मी घसा खाकरून साहेब झालो. फोन ठेवून वळलो, तर दारात एक बाई उभ्या.

"तूच का रे थो साहेब?"

बोलण्यावरून ओळखलं. शेवंताबाई. गजूभाऊ हसले, मग पेपरात घुसले.

"बाई, साहेबानंच सांगतलं होतं..."

"चांगला काढतं आवाज. माहा येते का?"

"तुमचा?"

"साहेबाचा आमाले आयकवतं. आमचा साहेबाले आयकव."

मी त्यांना बसवलं आणि बोलतं केलं. नक्कल करायची तर आधी माणूस नीट ऐकावा लागतो. इतके फोन झाले, मी त्यांना ऐकलंच नव्हतं. मी साहेब होण्यात गुंग. "पोरगी" म्हणताना त्यांचा आवाज खाली जातो, हे त्या दिवशी कळलं.

त्यांच्यासमोरच मुंबईला फोन लावला. "साहेब, मीच हाय. पन बोलनं शेवंताबाईचं हाय." आणि बोललो, त्यांच्यासारखाच, थांबत थांबत.

साहेब म्हणाले, "फाटा किती दूर हाय रे तांड्याहून?"

मी नोकरीला लागल्यापासून साहेबांनी तक्रारीवर विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर शेवंताबाईंनीच दिलं. साहेबांनी डेपोला स्वतः फोन केला.

गजूभाऊंना राहवेना. "बाई, आमदार वाढले तं तुमाले फायदा होईन का?"

"होईन नं. लहान मतदारसंघात आमच्या तांड्याची मतं त्याच्या डोळ्यात भरतीन." मग माझ्याकडे बघून, "पन त्यानंबी असाच पोट्टा ठेवला तं?"

गजूभाऊंनी चहा सांगितला.

सकाळची बस सुरू झाली. संध्याकाळची अजून नाही. पोरगी फाट्यावरून मैत्रिणींसोबत चालत येते. पण ट्रक गेला तेव्हा ती आजीजवळ राहिली.

जागा वाढवायला माझी हरकत नाही. एकट्या माणसाला खरंच पुरत नाही, मी जवळून बघतो. शिवाय मलाही एखाद्या नव्या आमदाराकडे काम मिळेल. फक्त त्यानं आपला आवाज काढून दाखव म्हटलं, तर मी आधी विचारीन, लोकांचा काढला तर ऐकाल का?