पश्चिमेकडची भिंत

"पाऊस जरा कमी कधी असतो तुमच्याकडं?" मी फोनवर विचारलं.

"दिवाळीत," शेलार म्हणाले.

"दिवाळी नको. पावसातच यायचंय. फक्त रस्ता चालू पाहिजे."

"मग या की कवाबी. गाडी कुठवर येतीया ते बगू. फुडं पाय हायतच."

शेलार सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची वाडी पाटणच्या पुढे, कोयना खोऱ्यात आत. जुलैत तिथं धुतलेले कपडे चुलीवर धरून वाळवतात. मी कुपवाडच्या एमआयडीसीत, वॉटरप्रूफ रंग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंग बघतो. टेस्टिंग म्हणजे रंग लावायचा, त्याला होईल तितका त्रास द्यायचा आणि काय झालं ते खरं सांगायचं. लॅबमध्ये आम्ही रंगवलेली फरशी शॉवरखाली ठेवतो. पण शॉवर बघून कुणी डीलर ऑर्डर देत नाही. त्याला खरी भिंत आणि खरा पाऊस लागतो. याला फील्ड टेस्ट म्हणतात.

त्यासाठी एप्रिलमध्ये, भिंत कोरडी असताना, मी शेलारांच्या घराची पश्चिमेकडची बाजू रंगवून आलो होतो. तिथला पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो आणि भिंतीला झोडपतो. निघताना मी त्यांना बजावलं होतं, "या भिंतीवर आमचं सगळं अवलंबून आहे."

"काळजी सोडा सायेब," ते म्हणाले होते.

खरंच सगळं अवलंबून होतं. मालकांनी नवीन मिक्सर घेतला होता आणि त्यावर चार माणसं नेमली होती. कराडचे डीलर मानेशेठ यांची ऑर्डर आली नसती, तर मिक्सर झाकून त्या चौघांना घरी पाठवावं लागणार होतं.

"भिंत कशी आहे?" मी फोनवरच विचारून घेतलं.

"काल रंगवल्यागत."

"ओल?"

"नावाला न्हाई."

मी हे मालकांना सांगितलं. मालकांनी लगेच मानेशेठना सोबत यायचं आमंत्रण दिलं.

मग मी प्लॅन केला. जीप, दोरी, जादा टायर, प्रत्येकाला कपड्यांचा दुसरा जोड. मालक म्हणाले, "हिमालयात चाललोय का आपण?" कराडात मानेशेठ पांढरी पँट घालून उभे होते. पाटण सोडल्यावर वायपर चालू आहे की बंद, यानं काही फरक पडेना. शेवटचा ओढा आला तिथं जीप ठेवली आणि दोरी धरून पलीकडे गेलो. पँटचा रंग तिथंच बदलला.

"भिंत चांगली निघू दे," मानेशेठ म्हणाले, "न्हाईतर ही पँट तुमच्या बिलातनं कापणार."

वाडीत शिरलो तर घरंच दिसेनात. कडब्याच्या गंजी उभ्या होत्या आणि त्यांतून धूर येत होता. त्यातल्या एका गंजीतून शेलार बाहेर आले.

तेव्हा उलगडा झाला. या भागात पावसाळ्याआधी घराला चहूबाजूंनी गवताचा आणि प्लास्टिक कागदाचा आडोसा बांधतात. मी एप्रिलमध्ये उघडं घर पाहिलं होतं.

"भिंत कुठाय?" मालकांनी विचारलं.

शेलारांनी अभिमानानं आडोशाचं एक टोक उचललं. भिंत लख्ख होती.

"दुसऱ्या बाजूंना एक थर हाय. हिला दोन बांधल्यात," ते म्हणाले. "तुमी म्हनला हुता सगळं हिच्यावर हाय. थेंब लागू दिला न्हाई."

मालक माझ्या कानाशी आले. "बोलू नका काही. आडोसा काढा, भिंत भिजवा आणि फोटो घ्या."

"टेस्ट झालेली नाही, साहेब," मी म्हणालो. हळू बोललो होतो, पण मानेशेठना ऐकू गेलं.

ते हसत सुटले. "गड्या, रंगाचं ऱ्हाऊ दे. या गवताची डीलरशिप मिळंल का?"

मालक हसले नाहीत. शेलारांचा चेहरा मात्र पडला. ते आत गेले, कोयता घेऊन आले आणि आडोशाच्या दोऱ्या कापू लागले.

"आवं, काय करताय?" आतून त्यांच्या पत्नी ओरडल्या. "घरात पाणी येईल की."

"आलं तर रंग खोटा," शेलार म्हणाले. "आजपास्नं टेस्ट चालू. सायेब, पाऊस लय शिल्लक हाय."

पाऊस खरंच शिल्लक होता. शेलार छत्री घेऊन भिंतीचे फोटो पाठवत राहिले. पावसाळा संपला तेव्हा खिडकीच्या कडेला तळहाताएवढा रंग फुगला होता. बाकी भिंत टिकली, घरात ओल आली नाही. फुगलेल्या भागाचाही फोटो मी मानेशेठना दाखवला. त्यांनी निम्मी ऑर्डर दिली आणि खिडकीचं आधी बघा म्हणाले. चौघेही कामावर राहिले. ओव्हरटाइम मात्र कुणाला मिळाला नाही.

आता फील्ड टेस्टची जागा शोधताना मी फक्त पाऊस बघत नाही. घरमालक थोडा निष्काळजी आहे का, याचीही चौकशी करतो. त्या खोऱ्यात तसा माणूस अजून सापडलेला नाही.