शेवटच्या फोटोवाले अण्णा

अण्णा कॅमेरा घेऊन घराबाहेर पडले की गल्लीला कळायचं, कुणीतरी गेलं. सात रस्त्यामागच्या आमच्या गल्लीत ते राहायचे. लग्नाच्या फोटोंसाठी लोक ड्रोनवाल्या पोरांकडे गेले आणि अण्णांकडे उरली ती मेलेली माणसं. आमच्यात मृताला बसवतात, कपाळाला भस्म लावतात, हार घालतात. न्यायच्या आधी घरच्यांसोबत एक फोटो होतो. तो अण्णांनीच काढायचा.

त्यांचा कॅमेरा जुना, रोलचा, विटेसारखा जड. पोटाशी धरून वरून काचेत बघावं लागे, त्यामुळे अण्णा मान खाली घालून उभे असत. घरचे हुंदके देत असले की थांबत. "रडून घ्या. मला घाई न्हाय." जरा निवलं की कानडीत म्हणायचे, "सुम्न कूड्री," म्हणजे गप बसा. मग ठप्प असा आवाज. माझ्या आईच्या वेळी तो आवाज ऐकला तेव्हा मला पटलं, की ती गेली.

मोरीत अंधार करून ते स्वतः रोल धुवायचे. प्रत हातात देताना सांगायचे, "लगेच बघू नगा. बघावंसं वाटंल तवा बघा."

त्यांचा एकुलता एक मुलगा, शिवा, अक्कलकोट रोडवर मोटारसायकलवरून पडून गेला. त्याला भिंतीला टेकवून बसवलं. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, त्याचा हात धरून शेजारी. कुणीतरी मोबाइल काढला, तर अण्णांनी हातानंच थांबवलं. आत जाऊन कॅमेरा आणला. मान खाली घातली, ती बराच वेळ वर आली नाही. शेवटी ठप्प झालं.

तो रोल त्यांनी धुतलाच नाही. अक्का मागत राहिल्या, "लेकाचा फोटू द्या की हो." अण्णांचं एकच उत्तर, "आतच असू दे त्याला." पुढं अक्कांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. अण्णांनीही फोटोची बोलावणी घेणं बंद केलं. एका खोलीत दोघं, एकमेकांकडे पाठ करून.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. अक्कांच्या डोळ्याला पाणी आलं नाही. सगळं उरकल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्यापुढं ठेवला, शिवाचा रोल अजून आतच होता. "कुटं धुऊन मिळतंय का बघ." पुण्यात एकजण सापडला. फोटो अंधुक आला, पण आला.

अक्कांनी तो मांडीवर घेतला. शिवा, त्या स्वतः, नणंद, पुतणे, एकेकाच्या तोंडावर बोट ठेवत गेल्या. मग बोट नुसतंच फिरत राहिलं.

"ह्यात बाप कुटं हाय?"

"अक्का, अण्णा फोटो काढत होते ना."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "आमी समदी लेकाजवळ बसलो. तुमीबी बसा, असं त्यांला कुणी म्हणालंच न्हाय. मीबी न्हाय."

आणि मग त्या अण्णांसाठी रडल्या.