खंडेनवमी आणि काट्यावरचं कर्नेल

जवळा बाजारच्या मिनाला विचारा, आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस कोणता? लग्नाचा सांगणार न्हाई. ती गेल्या दसऱ्याचा सांगते, अन् सांगता सांगता उभीच राहते.

डोंगरकडा माहेर असलेली ही लेक जवळ्यात बाबूसिंगकाकांच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर सांभाळते. तो जुना डबा रडायला लागला तेव्हा तिनंच हट्टानं त्यावर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम बसवली. काका म्हणाले होते, "बसवा. पण ऐन सुगीत अडलं, तर परभणीहून दुसरा माणूस आणीन अन् तुमी घरी." काका शब्दाचे पक्के.

खंडेनवमीला दुपारी मिनानं नवं कर्नेल चढवलं. कर्नेल म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा. जागा कमी, म्हणून जुनं काढून टाकलं. मशीन चालू होताना कोणतं कर्नेल उचलायचं, हे बूटलोडरला सांगणं तेवढं उरलं होतं. तिच्या मशीनवर ते हातानंच करावं लागे. तेवढ्यात काका हळदीकुंकू अन् नारळ घेऊन हजर. काटा, पान्हे, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा झाली अन् काकांनी विजेचं मेन बटनच खाली पाडलं. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा न्हाई, असा रिवाज. मिनाही अशी भोळसट, की पेढा खाऊन गुमान घरी गेली. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय?

दसऱ्याला सकाळी नव्या सोयाबीनचे ट्रॅक्टर रांगेत उभे, अन् पडद्यावर काय, तर फाईल सापडत न्हाई! बूटलोडर बिचारा काढून टाकलेल्या कर्नेललाच शोधून राहिला होता.

"काहून अडलं?" काकांनी परभणीला लावायला फोन काढलाच होता.

"जरा दम धरा, काका. काय झालं ते मला कळलंय."

अन् खरंच कळलं होतं! भीतीपेक्षा तिला आनंदच जास्त झाला होता. लिनक्स भरलेला पेनड्राईव्ह लावून तिनं मशीन उठवलं, आतल्या डिस्कमध्ये शिरली अन् बूटलोडरची मांडणी नव्यानं करायला लावली. ओळी सरसर उतरल्या, त्यात नव्या कर्नेलचं नाव दिसलं, अन् ही बाई खुर्चीतून ताडकन उठली. पेनड्राईव्ह काढून मशीन पुन्हा चालू केलं. पडदा उजळला, काट्याचे आकडे आले! मिनाला हसू आवरेना.

"काल काम अर्धं होतं, काका. तुमी बटन पाडलं, अन् मी बोलले न्हाई."

काकांनी फोन खिशात घातला. ट्रॅक्टरवाल्यांकडं वळून म्हणाले, "ऐकून ठेवा. मिनाताईला विचारल्याबिगर या मशीनचं बटन कोणी पाडायचं न्हाई. मीबी न्हाई."