कमळाबाईंची चाल

आरमोरीच्या बाजारगल्लीत ललिता मेश्राम यांचं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. नागपूरची संगणकाची नोकरी सोडून त्या गावी परतल्या, तेव्हा लोक हसले होते. पण दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली की ललिताबाई माइक घेऊन मंडपात हजर. वर्षानुवर्षांची नाटकं त्यांच्या संगणकात साठली आहेत.

त्या दिवशी सकाळीच कमळाबाई नात पुनमला घेऊन आल्या. एके काळी कमळाबाईंच्या गाण्यासाठी लोक बैलबंड्या जुंपून येत. घशाच्या ऑपरेशननंतर गाणं थांबलं, बोलणंही घोगरं झालं. आता त्यांच्या गाजलेल्या नाटकातली त्यांचीच भूमिका पुनम करणार होती, आणि संध्याकाळी वडशाला तालीम होती.

"मले गाऊन दाखवता येत नाई इले," कमळाबाई म्हणाल्या. "माह्या आवाजातच आयकव."

ललिताबाईंनी संगणक सुरू केला. नाटकांचा फोल्डर रिकामा होता. डिस्क माउंट करायला, म्हणजे यंत्रणेला जोडून उघडायला गेल्या, तर उत्तर आलं: फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची मांडणी, अनोळखी आहे. दुसरी प्रत नागपूरला भावाकडे होती, पण कमळाबाईंचं हे नाटक त्या प्रतीनंतर साठवलेलं.

"का झालं वो?" पुनमने विचारलं.

"डिस्क उघडून नाई राह्यली. थांब, घाई नको."

घाईत दुरुस्तीची भलती आज्ञा दिली, तर असलेलंही जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधी फक्त पाहिलं. डिस्क यादीत दिसत होती, तिच्यात बिघाडाची खूण नव्हती. मग आठवलं, आदल्या दिवशी त्यांनी अपडेट केलं होतं. त्यात कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभाच, नवा आला होता. त्यांच्या डिस्कची फाइल सिस्टिम कर्नलसोबत येत नाही. तिचं मॉड्यूल, म्हणजे ती वाचणारा जोडभाग, दर नव्या कर्नलसाठी वेगळं तयार व्हावं लागतं. नोंदी उघडल्या तर तेच निघालं. मॉड्यूल घडवायला लागणाऱ्या, नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स नव्हत्या, म्हणून मॉड्यूल बनलंच नव्हतं.

त्यांनी सुस्कारा सोडला. "तुमचा आवाज शाबूत आहे बाई. नवीन कर्नलले तो वाचता येत नाई, एवढंच. जुना अजून आहे मशीनमंधी."

संगणक पुन्हा सुरू करून त्यांनी सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडला. डिस्क लगेच माउंट झाली.

गाणं सुरू झालं. पुनम ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. कमळाबाई डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी एकदम हात वर केला.

"हे नको घेऊ. इथी मी चुकली होती."

"मले तर बरोबर वाटून राह्यलं, आजी."

"मंडपातल्यायलेबी वाटलं होतं," म्हातारी हसली. "पेटीवाल्यानं सांभाळून घेतलं."

ललिताबाईंना हे ऐकून एवढी मजा वाटली, की त्यांनी माइक पुढे ओढला. "आणखी कुठी कुठी चुकल्या, सांगा बरं."

घोगऱ्या आवाजात कमळाबाई सांगत गेल्या, मध्येच थांबून चहा पीत. दुपारी पुनम वडशाच्या गाडीत बसली, तेव्हा चाल तिच्या गळ्यात पक्की बसली होती.

दोघी गेल्यावर ललिताबाईंनी हेडर फाइल्स बसवल्या, मॉड्यूल तयार करून घेतलं आणि नव्या कर्नलवर संगणक सुरू केला. सगळी नाटकं जागेवर होती. त्यांनी कमळाबाईंचं आजचं बोलणंही त्यांतच ठेवलं आणि भावाला फोन लावला, नवी प्रत घेऊन रविवारी येते म्हणून.