मामंजींसाठी उचललेला टेंपो

तो तीनचाकी टेंपो माझ्या माहेरचा, कुंडलचा. वडील त्यातून वैरण आणि भाजीपाला न्यायचे. भावाने चारचाकी घेतली तेव्हा तो गोठ्यामागे नुसताच उभा राहिला. वडील म्हणाले, "न्या तुमी. डोंगरात उपेगाला यील." माझ्या सासरचा डोंगर त्यांनी लग्नात एकदाच पाहिला होता. कुंडलच्या सपाट उसाच्या रानात त्या गाडीला मोठा असा गचका कधी बसलाच नव्हता.

माझं सासर पाटण तालुक्यात, वर डोंगरकुशीतल्या एका वाडीत. डांबर खालीच संपतं. पुढे कच्ची वाट आणि तिच्या शेवटच्या चढावर एक आडवा कातळ. टेंपोचं पुढचं चाक कातळ चढून पलीकडे उतरायचं आणि मागची चाकं वर येण्याआधीच गाडीचं पोट कातळावर टेकायचं. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहायची. म्हणून टेंपो कातळाखालीच थांबवायचा आणि तिथून सामान डोक्यावर घ्यायचं.

सामानाचं ठीक होतं. मामंजींचं तसं नव्हतं.

माझे सासरे पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. ताठ माणूस. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिसला नेणं सुरू झालं. घरापासून कातळापर्यंत त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माझा नवरा आणि शेजारचा त्याचा चुलतभाऊ उचलून न्यायचे. उचललं की मामंजी डोळे मिटून घ्यायचे. टेंपोत बसेपर्यंत उघडायचे नाहीत. वाटेत कुणी रामराम घातला तरी उत्तर द्यायचे नाहीत.

एकदा परत येताना चुलतभावाचा पाय घसरला. खुर्ची कलंडली. मामंजींनी हात टेकला, तोही नेमका ज्या हातात सुया घालत तोच. हात कोपरापर्यंत काळानिळा पडला. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्होरल्या बारीला मला न्हिऊ नका."

"आबा, गाडी दारात आणतो," नवरा म्हणाला.

"कातळ फोडणार व्हय?"

"गाडी उचलतो."

पाटणला रस्त्याच्या कडेला एक पाटेवाला होता. गाडीखालचे पोलादी पाटे, ज्यांच्यावर मागचा सगळा भार तोललेला असतो, ते दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, "पाटं पार बसल्यात. सरळ पट्टी झालीया." मागची बाजू जॅकवर घेऊन सांगाड्याखाली लाकडी ओंडके लावले. गंजलेले बोल्ट निघेनात. तापवून, ठोकून ते काढले. पाटे सुटे करून त्यांना पुन्हा बाक दिला, त्यात जुन्या जीपचा एक पाटा कापून घातला, आणि एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये दोन्हीकडे लोखंडी ठोकळे बसवले. उंची वाढल्यावर ब्रेकची नळी ताणली गेली, तीही लांब घातली. मी आणि मामंजी समोरच्या बाकड्यावर बसून पाहत होतो. खुर्चीतून ही शेवटचीच खेप, असं सांगून त्या दिवशी त्यांना डायलिसिसला नेलं होतं आणि परततानाच आम्ही थांबलो होतो. ते थकलेले होते, पण प्रत्येक बोल्ट आवळताना मान पुढे करून बघत होते.

"उंच झाली म्हंजी डुलणार," पाटेवाला नवऱ्याला म्हणाला. "म्होरं एकच चाक हाय. वळणावर जपून, गड्या."

टेंपो खाली घेतला तेव्हा त्याची मागची बाजू बैलाच्या वशिंडासारखी वर आली होती. संध्याकाळी कातळावर नवऱ्याने गाडी हळूच घातली. पुढचं चाक उतरलं. पोट टेकलं नाही. मागची चाकं चढली, उतरली, आणि आम्ही दारात आलो. सासूबाई परातीत पीठ मळत होत्या, त्या तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मामंजी आपले आपण उतरले. हौद्याची कड धरून, वेळ लावून, पण आपले आपण. अंगणात उभे राहून त्यांनी सगळ्या वाडीकडे एकवार बघितलं.

त्यानंतरचे काही महिने बरे म्हणायचे. पण त्या बरेपणाला किंमत होती. पाटे इतके कडक झाले की रिकामी गाडी दगडागणिक उडायची. केबिनमध्ये मामंजींना पाय दुमडून बसवत नव्हतं, म्हणून ते मागे हौद्यात गादीवर आडवे व्हायचे. मी शेजारी बसून त्यांचा हात उशीवर धरून ठेवायची. गचके कमी व्हावेत म्हणून आम्ही वाळूची पोती भरून ठेवली. तरीही चढावर त्यांचे दात एकमेकांवर आपटलेले मला ऐकू यायचे. "दुखतंय का?" विचारलं की म्हणायचे, "न्हाई गं पोरी. ह्यापरीस वाईट गाड्यांतनं फिरलोय."

मग पावसाळा सरताना एका वळणावर ते झालं. वाट एका कडेने खचली होती. नवऱ्याने गाडी आतल्या बाजूला घेतली, आतलं मागचं चाक दगडावर चढलं आणि सगळा तोल दरीकडे गेला. पोती सरकली. मला समोर आकाश दिसलं आणि मग खालची झाडं. आतलं चाक जमिनीवरून सुटलं होतं. किती वेळ, सांगता येत नाही. मामंजींनी दुखऱ्या हाताने माझा दंड धरला होता. मग गाडी धाडकन तिन्ही चाकांवर खाली बसली. नवरा केबिनमधून उतरला, आमच्याकडे आला. नुसता हौद्याला हात लावून उभा राहिला.

"चल," मामंजी म्हणाले. "उशीर व्हतोय."

त्या दिवशी कराडला सुई काढल्यावर ते म्हणाले, "मी आता पोरीकडंच ऱ्हातो. वर लय थंडी सुरू हुईल. सोसत न्हाई." माझी नणंद कराडलाच, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. थंडीला अजून पुष्कळ अवकाश होता. नवरा म्हणाला, "आबा, मी सावकाश चालवीन. वाट नीट करून घेतो. दगड भरतो त्या जागी."

"तुझ्या चालवण्याचं काय न्हाई रं. मला थंडी सोसत न्हाई."

तिघांनाही खरं कारण माहीत होतं. परतताना नवऱ्याने मला केबिनमध्ये शेजारी बसवलं. मागे गादी तशीच होती.

सासूबाई म्हशीमुळे वाडी सोडू शकल्या नाहीत. आठवड्यातून एकदा आम्ही त्यांना डांबरापर्यंत चालवत नेऊन एसटीने भेटीला न्यायचो. तिथे मामंजी खिडकीशी बसलेले असायचे. खाली दुकानं, रिक्षा. नाचणी कशी आलीय, म्हैस कधी विणार, एवढंच विचारायचे. घरी यायचं का, असं सासूबाईंनी एकदाच विचारलं. ते हसले आणि त्यांच्या पदरावरचं गवताचं कुसळ काढून टाकलं.

ते नणंदेकडेच गेले, भर थंडीत. अंत्यविधी कराडलाच झाला.

पुढे एका दुपारी मी वैरण घेऊन आले तेव्हा नवरा टेंपोखाली निजून बोल्ट सोडवत होता. काढलेला एक ठोकळा शेजारी पडला होता.

"आवं, कशाला काढताय? आत्तींचं गुडघं दुखत्यात. त्यांना लागंल की गाडी दारात."

तो खालूनच म्हणाला, "आईला ह्या डुलत्या गाडीतनं त्या वळणावरनं न्हेणार न्हाई मी."

मी भारा उतरवला. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून टेंपोच्या चाकाजवळ ठेवलं. त्याने हात बाहेर काढला, पण तांब्या घेतला नाही. दुसऱ्या बाजूचा बोल्ट सोडवायला तो पलीकडे सरकला.